टेपची कड आणि मुंबईची हवा: विमानाचं मॉडेल रंगवताना

विमानाचं प्लास्टिक मॉडेल जोडून झालं की नवख्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग उडवणारं पेनासारखं साधन) कोणता घ्यायचा? माझं मत विचाराल तर आधी रंग नको तो भाग झाकायची टेप चांगली घ्या, एअरब्रशचं मग बघू. साध्या ब्रशने रंगवलेलं पण रंगांच्या कडा रेखीव असलेलं मॉडेल कपाटात शोभून दिसतं. महागड्या एअरब्रशने मारलेला रंग टेपखाली झिरपला असेल, तर नजर नेमकी त्या डागावरच जाते. विमान रंगवण्यातला बराचसा वेळ झाकण्यात आणि वाट पाहण्यात जातो. प्रत्यक्ष रंग उडवायला जेमतेम काही मिनिटं लागतात. आणि मुंबईत किती वाट पाहायची हे रंगाच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं, ते बाहेरची हवा ठरवते.

सरावासाठी १:७२ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, स्पिटफायर मार्क १ हे ब्रिटिश लढाऊ विमान घ्या. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५० च्या दशकात याच विमानाच्या १:७२ किटने विमानांची सुरुवात केली, आणि आजही नवशिक्यासाठी त्यांचं नवं स्पिटफायर सोपं, स्वस्त आणि नीट बसणारं आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे मॉडेल १५६ मिमी रुंद. मुंबईच्या घरात ठेवायला अडचण नाही. १९४० च्या उन्हाळ्यातल्या ब्रिटनच्या हवाई लढाईतल्या विमानाला मुख्य रंग तीनच: पोटाला फिकट हिरवट ‘स्काय’, पाठीवर ‘डार्क अर्थ’ हा तपकिरी आणि त्यावर ‘डार्क ग्रीन’चे नागमोडी पट्टे. सरळ कड, वळणदार कड आणि काचेची चौकट, असं तिन्ही प्रकारचं मास्किंग (टेपने झाकणं) या एका विमानात शिकून होतं.

काय आणायचं, कुठून आणायचं

टेपपासूनच सुरुवात करू. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी सुरकुतलेली, बदामी रंगाची मास्किंग टेप भिंतींसाठी असते. तिच्या सुरकुत्यांतून रंग आत शिरतो, त्यामुळे कडेला ती कधीच नको. कडेपासून लांबचा भाग झाकायला मात्र चालते. सेलोटेप तर घरातच ठेवा. मॉडेलसाठी तामिया या जपानी कंपनीची पिवळी टेप किंवा तशीच जपानी कागदाची पातळ टेप लागते. ६, १० आणि १८ मिमी रुंदीतली पहिली दोन घेतलीत तरी पुरे.

बाकीचं सामान एका फेरीत होतं. मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात की बारीक पॉलिश पेपर, हवेच्या नळ्या, मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) आणि वाफेसाठीचा कार्बन काडतुसाचा मास्क मिळेल. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, कटरची जादा पाती आणि पोस्टर चिकटवायची निळी पुट्टी. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे केक रंगवायचे छोटे एअरब्रश दिसतात. त्यातला ०.३ मिमी नोझलचा, ड्युअल अ‍ॅक्शन (एकाच कळीने हवा आणि रंग वेगवेगळे सांभाळता येणारा) असेल तर मॉडेललाही चालतो. पण त्याबरोबर येणारा खेळण्यासारखा कॉम्प्रेसर टाकीशिवायचा असेल तर नको. रंग आणि थिनर (रंग पातळ करायचं द्रव) भारतातल्याच विक्रेत्याकडून घ्या. परदेशातून येणाऱ्या मावशीला लॅकर (झपाट्याने उडणाऱ्या थिनरचे रंग) किंवा स्प्रेचे डबे आणायला सांगू नका. ज्वलनशील रंग प्रवाशांच्या सामानातून नेता येत नाहीत. विमानाचाच रंग, आणि तो विमानातून येत नाही!

एअरब्रश नसेल तर अडून बसू नका. फक्त रंग निवडताना लक्ष ठेवा. तामियाचे अ‍ॅक्रिलिक एअरब्रशमधून सुरेख बसतात, पण ब्रशने मारले की दुसरा हात पहिल्याला उखडतो. ब्रशसाठी व्हॅलेहोसारखे पाण्याचे रंग बरे. मात्र हे रंग प्रायमरशिवाय, म्हणजे पायाच्या थराशिवाय, मारले तर टेपबरोबर सालासारखे निघून येतात, आणि त्यांत लॅकर थिनर घातलं तर गोळे होतात.

आधी हवा बघा

डिजिटल आर्द्रतामापक फारसा महाग नसतो. तो टेबलावर ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईत रंगकामाचा हंगाम. जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा दोन वेगवेगळे त्रास होतात आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

पहिला त्रास लॅकरचा. लॅकरचं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. त्या गार पृष्ठभागावर हवेतलं बाष्प जमतं आणि रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. असं झालं तर घाबरून खरवडू नका. कोरड्या वेळी त्याच भागावर लॅकरचं सावकाश सुकणारं थिनर, म्हणजे लेव्हलिंग थिनर, नुसतंच अगदी हलकं उडवा. वरचा थर किंचित विरघळून पुन्हा नीट बसतो आणि धुरकटपणा बहुतेक वेळा जातो.

दुसरा त्रास पाण्याच्या रंगांचा: ते वाळतच नाहीत. बोटाला कोरडे लागतात, पण आतून मऊ असतात. त्यावर टेप लावली की तिचा ठसा उमटतो. उलट मे महिन्यात पंख्याखाली हाच रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळून बसतो आणि थुंकल्यासारखे शिंतोडे येतात. तेव्हा रिटार्डरचे (रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब घाला आणि पंखा बंद ठेवा. घाम पुसायला रुमाल जवळ असू द्या, कारण घामाचा एक थेंब ओल्या रंगावर पडला तर तेवढा भाग पुन्हा करावा लागतो.

पावसाळ्यात काम थांबवायचं नसेल तर एसीच्या खोलीत ड्राय मोड लावून रंगवा, आणि रंगवलेलं मॉडेल घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. थिनरचा वास उडून गेल्यावरच झाकण लावायचं, नाहीतर वाफ आत कोंडते. कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी साठतं. दर वेळी काम संपलं की खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाका. नळीच्या मध्ये मॉइश्चर ट्रॅप हवाच, नाहीतर ऐन वेळी पाण्याचा थेंब थेट पंखावर येतो.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण गांभीर्याने. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही, काडतुसाचाच मास्क लागतो. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना किंवा देवघरात निरांजन तेवत असताना त्या खोलीत लॅकर उडवायचं नाही. खिडकी उघडी, हवा बाहेर जाणारी. आणि संध्याकाळी सातला, सगळ्या मजल्यांवर माणसं घरी आलेली असताना थिनर उघडलंत तर सोसायटीच्या पुढच्या सभेत तुमचा विषय निघेल. रविवारी दुपार बरी.

धुणं, प्रायमर आणि पहिला रंग

जोडलेलं मॉडेल भांडी घासायच्या साबणाच्या पातळ पाण्यात जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकटपणा आणि आपल्या बोटांचं तेल निघालं नाही तर पुढची मेहनत टेपबरोबर उखडून येते. पूर्ण वाळल्यावर कॉकपिट ओल्या टिश्यूच्या बोळ्याने बंद करा.

मग राखाडी प्रायमर. मिस्टर सर्फेसर १२०० किंवा तत्सम, एकच पातळ हात. प्रायमरमुळे वरचा रंग प्लास्टिकला धरून राहतो, आणि सांध्यात राहिलेली फट उघडी पडते. ती दिसली की फटी बुजवायची मॉडेल पुट्टी भरा, घासा, तेवढ्यावर पुन्हा प्रायमर मारा. हा टप्पा गाळावासा वाटतो. गाळू नका.

रंगांचा क्रम फिकटाकडून गडदाकडे. गडदावर पांढरा किंवा पिवळा चढवायला इतके हात लागतात की नक्षीच बुजते. म्हणजे आधी पोटाचा स्काय. तामियाचा एक्सएफ-२१ त्यांच्या एक्स-२०ए थिनरमध्ये एकास एक ते एकास दीड पातळ करा, दुधाइतका. कॉम्प्रेसरचा दाब १५ ते २० पीएसआय, मॉडेलपासून आठ-दहा सेंटीमीटरवरून. पहिला हात धुक्यासारखा, मॉडेल नीट झाकलंही जाणार नाही असा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. पोटाचा रंग कडेवरून थोडा पाठीकडे जाऊ द्या, तो पुढे झाकला जाणारच आहे.

रंग वाळला का हे बोटाने नव्हे, नाकाने ठरवा. मॉडेल नाकाजवळ धरा. थिनरचा वास येत असेल तर तो अजून आतून ओला आहे. शंका नको असेल तर प्रत्येक रंगासोबत एक प्लास्टिकचा चमचा रंगवा आणि टेप आधी त्यावर लावून काढून बघा. हिवाळ्यात रात्रभर पुरतं. पावसाळ्यात निदान पूर्ण एक दिवस, शक्यतो दोन, हात लावू नका.

टेप कशी लावायची

इथे घाई करणारे सगळेच फसतात, म्हणून जरा सावकाश.

टेपच्या गुंडाळीची कड कधीच थेट वापरू नका. तिच्यावर धूळ बसलेली असते, बारीक खाचा पडलेल्या असतात. टेपचा तुकडा काचेवर किंवा कटिंग मॅटवर चिकटवा, स्टीलची पट्टी धरा आणि नव्या पात्याने ताजी कड कापा. नवं पातं म्हणजे खरंच नवं. बोथट पातं टेप कापत नाही, ओढतं. काचेवर एकदा चिकटून निघाल्यामुळे टेपचा गोंदही थोडा कमी होतो, आणि तेवढा कमी झालेला बरा.

सरळ कडेला रुंद टेप चालते. स्पिटफायरच्या नाकाशी आणि पंखाच्या मुळाशी जिथे वळण आहे तिथे ती चालत नाही, चुण्या पडतात. तिथे दीड-दोन मिमी रुंदीच्या बारीक पट्ट्या कापा. त्या वळणावर हव्या तशा वळतात. आधी या बारीक पट्टीने कड आखून घ्या, मग तिच्या मागे रुंद टेप, त्यामागे कागद. सगळं मॉडेल भारी टेपने गुंडाळून पैसे वाया घालवायची गरज नाही. झाकायला क्लिंग फिल्म वापरणारे आहेत, पण ती हवेने फडफडते आणि तिच्यावर वाळलेला रंग सुटून ओल्या पंखावर पडतो. मला कोरा कागदच बरा वाटतो.

आता कड दाबायची. नखाने नाही. लाकडी टूथपिकचं टोक पॉलिश पेपरवर गोल करून घ्या आणि त्याने टेपच्या कडेवरून फिरवा. पॅनेलच्या कोरीव रेषा जिथे टेपखालून जातात तिथे थांबा, कारण रंग आत शिरतो तो बहुतेक वेळा याच नाल्यांतून. टूथपिकने टेप त्या रेषेत खाली बसवा. दिव्याखाली तिरकं धरून पाहा. टेप बसली असेल तर तिचा रंग गडद दिसतो, सुटली असेल तिथे फिकट.

त्यानंतरची युक्ती करायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि तिने अर्धी डोकेदुखी वाचते. वरचा नवा रंग मारण्याआधी टेपच्या कडेवर खालचाच रंग पुन्हा एकदा हलका उडवा. म्हणजे आपल्या स्पिटफायरवर पुन्हा स्काय. कडेखाली जिथे फट राहिली असेल तिथे तोच रंग शिरेल आणि वाट बंद करेल. स्कायवर स्काय झिरपला तर कोणाला दिसणार? खाली दोन वेगवेगळे रंग असतील तर रंगाऐवजी क्लिअर वार्निश वापरा.

मग वरचा तपकिरी. एक्सएफ-५२ चालतो. एअरब्रश कडेच्या दिशेने रोखून धरू नका, कारण तसा फवारा टेपच्या खाली घुसतो. वरून सरळ किंवा टेपकडून उघड्या भागाकडे. ब्रशने रंगवत असाल तर तोही टेपवरून बाहेरच्या दिशेने ओढा. थर जाड झाला तर टेप काढल्यावर कडेला पायरी राहते.

नागमोडी पट्टे

तपकिरी वाळला की हिरव्याची तयारी. किटमधल्या कागदावर पट्ट्यांचा नकाशा असतो, पण तो मॉडेलच्या मापाचा असेलच असं नाही. पट्टीने चित्रातल्या पंखांचा विस्तार मोजा. समजा तो १२० मिमी भरला. आपलं मॉडेल १५६ मिमीचं, म्हणजे १५६ भागिले १२०, १३० टक्के. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला १३० टक्के सांगा, दोन-तीन प्रती घ्या आणि त्यातून तपकिरी राहणारे भाग कापा.

हे कागद मॉडेलवर कसे बसवायचे यावर जाणकारांत वाद आहे. काही जण कड धूसर हवी म्हणून कागदाखाली पोस्टरच्या निळ्या पुट्टीच्या वळ्या ठेवून तो एखाद मिलिमीटर उचलतात. आता हिशेब करा. खऱ्या विमानावर दोन रंगांची सीमा इंचभर धूसर धरली, तरी १:७२ ला ती भरते ०.३५ मिमी. म्हणजे मॉडेलवर दोन मिमीचा धुरकट पट्टा हा खऱ्या विमानावर जवळपास सहा इंचांचा झाला. म्हणून या प्रमाणात मी स्वच्छ कडेच्या बाजूचा आहे. धूसर हवीच असेल तर पुट्टीच्या वळ्या शक्य तितक्या बारीक करा, कागदाच्या कडेच्या किंचित आत ठेवा आणि एअरब्रश काटकोनात धरा. मोठ्या, १:३२ च्या मॉडेलवर हाच इंच ०.८ मिमी होतो, तिथे मऊ कड शोभते. मे महिन्यात पुट्टी रात्रभर मॉडेलवर ठेवू नका, उष्णतेने मऊ होऊन तेलकट डाग सोडते.

हिरव्यासाठी एक्सएफ-८१. शेवटचा हात स्पर्शाला कोरडा झाला की टेप काढायला घ्या, आठवडाभर ठेवू नका. मुंबईच्या उकाड्यात गोंद मागे राहतो. टेप वर न खेचता स्वतःवरच दुमडत, जवळजवळ मॉडेलला समांतर, सावकाश मागे ओढा. कुठे रंग झिरपलेला दिसला तर ताजा असतानाच टूथपिकने हलका खरवडा. रंगच उखडला असेल तर १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासह कड मऊ करून, प्रायमर लावून, तेवढंच पुन्हा.

हात बसला की: मुंबईच्या नावाचं स्क्वाड्रन

ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ व्या स्क्वाड्रनचं नाव ‘सिटी ऑफ बॉम्बे’ होतं, आणि ते स्पिटफायर उडवायचं. दुसरं मॉडेल म्हणून त्यांचं जून १९४४ मधलं मार्क ९ करून बघा, कारण त्यात मास्किंगची खरी परीक्षा आहे. नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांना ओळखीसाठी तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे मारले होते. एक इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद. १:७२ ला ते होतात ६.३५ मिमी, आणि टेप मिळते ६ मिमीची. हा योग सोडू नका.

आधी सगळ्या पट्ट्याच्या जागेवर पांढरा मारा. शुद्ध पांढऱ्याऐवजी राखाडीची छटा असलेला बरा, या छोट्या आकारात शुद्ध पांढरा डोळ्यांत खुपतो. पूर्ण वाळल्यावर ६ मिमीच्या पाच पट्ट्या शेजारी शेजारी लावा. मग दुसरी आणि चौथी काढून टाका. उरलेल्या तीन पट्ट्यांखाली पांढरा सुरक्षित, मधल्या दोन मोकळ्या जागांत काळा. तोही गर्द काळा नको, एक्सएफ-६९ पुरे. अंतर मोजावं लागतच नाही, टेप स्वतःच मोजते. काळा वाळला की पाचही पट्टे झाकून टाका आणि पोटाचा, पाठीचा रंग नंतर करा. विमान आता राखाडी-हिरवं आहे: पाठीवर एक्सएफ-८२ आणि एक्सएफ-८१, पोटाला एक्सएफ-८३. पट्टे किंचित वाकडे झाले तर हळहळू नका. खऱ्या विमानांवर ते तळावरच्या माणसांनी ब्रशने, घाईघाईत फासले होते.

काच आणि शेवटचे हात

कॅनॉपीसाठी, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेसाठी, एडुआर्ड कंपनीचे आधीच कापलेले मास्क मिळतात, आणि पहिल्या वेळी ते विकत घेण्यात कमीपणा नाही. स्वतः करायचं तर काचेच्या एका चौकोनावर टेपचा तुकडा लावा, टूथपिकने चौकटीच्या उंचवट्यालगत दाबा, म्हणजे रेषा उमटते. त्या रेषेत नव्या पात्याचं टोक हलकेच फिरवा. जोर लावला तर काचेवर कायमचा ओरखडा. चौकटीवर आधी कॉकपिटचा आतला हिरवा मारा, मग बाहेरचा रंग. आतून पाहणाऱ्याला चौकट हिरवी दिसते. काच बसवायला सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने ती धुरकट होते. आपलं पांढरं फेव्हिकॉल बेस्ट. वाळल्यावर पारदर्शक होतं, आणि सांडलं तर ओल्या कापूसकाडीने पुसता येतं.

डिकॅलच्या (पाण्यात सोडवून चिकटवायच्या खुणांच्या) आधी चकचकीत क्लिअर मारायचं, कारण खरबरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी चमक येते. डिकॅल वाळले की सर्वांत शेवटी मॅट वार्निश. हा एक हात मात्र पावसाच्या दिवशी मारूच नका. दमट हवेत मॅट वार्निश पांढरं पडतं, आणि तोपर्यंत खाली डिकॅलसह सगळं काम झालेलं असतं. आर्द्रतामापक ६० च्या खाली येईपर्यंत मॉडेल डब्यात राहू दे, मग गणपती येऊन गेले तरी चालेल. फक्त एक करा: मॉडेल महिनोन्‌महिने थांबणार असेल तर काचेवरची टेप तशीच ठेवू नका, आत्ताच काढा आणि वार्निशच्या दिवशी नवी लावा. काचेवर गोंद राहिलाच तर ताज्या टेपचा तुकडा त्यावर चिकटवून झटकन उचला. दोन-चार वेळा केलं की निघतो, थिनर लावायची गरज पडत नाही.